जगलेल्या वासराचे शेण

गुरांचे डॉक्टर केशवराव साळवे साहेब बेलापूरजवळच्या आमच्या गावी प्रथम आले ते वासरांच्या हगवणीमुळे. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. साहेबांनी स्कूटर लावली, चहाला नाही म्हटले आणि आमच्या आजारी कालवडीचे शेण बाटलीत भरून बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवले.

"डाक्टर, परसाद नेताय का?" कोणीतरी म्हणाले.

"व्हय, पुण्याला वाटायचाय," साहेब म्हणाले.

आमची दोन वासरे आधीच गेली होती. ही कालवड मात्र जगली. ती बरी झाल्यावरही साहेबांनी पुन्हा तिचे शेण नेले, तेव्हा आम्हाला हसू आले. माझी पत्नी विमल हिने कालवडीला हळदकुंकू लावून गोठ्यात घेतले आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्याच शेणाने वासरांची जागा सारवली. त्याने पीडा जाते, अशी समजूत. थोड्याच दिवसांत गोठ्यात जन्मलेले नवे वासरू हगवणीने आडवे झाले.

तेवढ्यात साहेबांनी बाटल्या धाडलेल्या पुण्याच्या प्रयोगशाळेचे पत्र आले. दोन्ही बाटल्यांत कोरोना नावाचा विषाणू होता; माणसांच्या साथीतला नव्हे, वासरांना हगवण लावणारा गुरांतला.

"वहिनी, वासरू बरं झालं तरी विषाणू शेणातून पडत राहतो," साहेबांनी समजावले. "जागा खरवडा, चुना टाका, कालवड लांब बांधा. तिचं केल्यावर हात धुतल्याशिवाय याला दूध पाजू नका."

गावात बोभाटा झाला. संस्थेच्या बैठकीत चेअरमन गरजले, "गाईचं शेण बाटतं म्हननारे हे कोन?" साहेबांच्या घराने छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारला, हे सर्वांना ठाऊक होते. 'हे' कोणाला उद्देशून होते, तेही.

साहेबांनाही बैठकीला बोलावले होते; बसा कोणी म्हटले नव्हते, ते उभेच होते. आवाज चढवला नाही. "माझ्या वाडवडिलांना तुमची मेलेली गुरं ओढावी लागली. मी जिती ठेवायला आलोय. ती मी ठेवणार."

डॉ. साळवे यांना यापुढे बोलावू नये, असा ठराव झाला. तो मी लिहिला. इतिवृत्तात माझेच अक्षर आहे.

घरी आलो तेव्हा विमल खुरप्याने गोठ्याची जमीन खरवडत होती. मी तिला ठरावाचे सांगितले.

"ठराव संस्थेचा हाय. गोठा माजा हाय. तुमी जाता बोलवायला, का मी जाऊ?"

मी सायकल काढली.

साहेब रोज आले, भर दुपारी, चेअरमनच्या दारावरून. मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, ते विमलला शिकवले. सहाव्या दिवशी वासरू उभे राहिले. पुढे चेअरमनच्या गोठ्यातही हगवण शिरली. साहेब न बोलावता गेले आणि दारातूनच म्हणाले, "चेअरमन, आधी चुना आणा. भांडण नंतर करू."

विमल गेल्या पौषात गेली. दहाव्याला साहेब आले. गोठ्यात जाऊन वासरांची जागा पाहिली. चुना ताजा होता. "वहिनींची शिस्त मोडली नाही तुम्ही," एवढेच म्हणाले.

साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त त्यांच्या गौरवासाठी हा लेख. तो ठराव चुकीचा होता, हे मी त्याच अक्षरात इथे लिहीत आहे. कोणाला राग आला तर येवो. तालुक्यात अजूनही जगलेल्या वासराच्या शेणाने गोठे सारवले जातात. म्हणून साहेबांना विश्रांती लाभो, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या गुडघ्यांत बळ राहो, प्रकृती ठणठणीत राहो आणि शंभरीतही त्यांनी गोठ्यात शिरून आम्हाला रागवावे. बोलवायला मी येईन. या वेळी घरातून कोणी सांगायची वाट पाहणार नाही.