बाईंच्या नकाशावरचा माझा लाल ठिपका

मुजावर बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात बसून नव्या पत्रकाचा मजकूर लिहीत होते. पाणी नासवणाऱ्यांना झोडपणारी चार वाक्यं झाली होती, पाचवं सुचेना. तीन आठवडे झाले... अजून सुचलेलं नाही.

बाई मला आठवीत विज्ञान शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी इंटरनेटवर पाण्याचा नकाशा उघडला. एकाच नदीच्या खोऱ्यात वर शाहूवाडीच्या डोंगरातली एक शाळा, खाली कबनूरजवळची, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांशेजारची एक. दोन्हीकडच्या पोरांनी आपापल्या विहिरी, झरे, ओढे त्यावर नोंदवायचे. चांगल्या पाण्याला निळा ठिपका, खराबाला लाल. पहिल्या आठवड्यात पोरांनी पाणी बाटल्यांत भरून शाळेत आणलं आणि तिथंच बसून फोनवरून ठिपके लावले, तर फोन होता तिथंच ते पडले. एका शाळेच्या छपरावर सव्वीस विहिरी! बाई हसून हसून दमल्या. मग नियम केला, काठावर उभं राहायचं, मगच ठिपका. हळूहळू डोंगरभर निळं पसरत गेलं आणि ठिपक्यांखाली पोरं गप्पा मारू लागली. "तुमचा वढा आज कसला हाय रं?" "जांभळा. काल हिरवा हुता." "आमच्यात तळाला खेकडं दिसत्यात." "पाठव की एक!" "नगं, मरंल त्यो." वाचताना वाटायचं, नदीच झोपेत बोलतेय...

मला मात्र घाई होती. कारखान्यांविरुद्धच्या आमच्या मोर्चाच्या तोंडावर गावाबाहेरच्या एका विहिरीवर मी घरबसल्या, नकाशावर बोटानं जागा धरून, लाल ठिपका लावला.

"तू तिथं गेलतीस?" बाईंनी विचारलं.

"न्हाय. पण सगळं गाव म्हणतंय की."

"मग त्यो ठिपका गावाच्या तोंडाचा हाय, पाण्याचा न्हाय. एक खोटा घावला की पोरांचं सगळंच खोटं ठरवतील, बये. लावलास तू, काढायचा पण तूच."

मी तणतणत उठले. मोर्चा झाला, पत्रकं वाटली, ठिपका राहिला. पुढं लाजेनं बाईंकडं गेलेच नाही.

परवा तो काढायला बसले, तर खाली बाईंची नोंद, आजारपणातली. 'स्वतः जाऊन तपासलं. पाणी गोड आहे. ठिपक्याचा रंग मी बदललेला नाही. ती येईल.' सोबत फोटो. पाण्यात आभाळ, आणि काठावरून वाकलेली एक सावली, वाऱ्यानं पदर फुगलेला...

रंग घरूनही बदलता आला असता. मी गेले. काठावर उभी राहिले, पाणी तपासलं, निळा लावला. नवा फोटो टाकला की जुना पुसला जातो.

मी टाकला नाही.