मास्तरांचा 'सा'

मंडळी, आत्ताच घरी आलेय. ताट तसंच ठेवून तुमच्याशी बोलते.

परभणीतलं निजामाच्या काळातलं आमचं गाण्याचं सभागृह दुरुस्तीनंतर आज उघडलं. तिथली एक जुनी रीत आहे. मैफलीआधी गवई माइकशिवाय एकच 'सा' लावतो. शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, "आला!" मगच गाणं सुरू. उंच लाकडी छत आणि चुन्याच्या भिंती तो सूर अलगद दारापर्यंत आणून सोडायच्या.

माझे गाण्याचे मास्तर मुद्दाम गंगाखेडहून आले होते. मी शेवटच्या रांगेत बसले. वर बघते तर एसीसाठी लाकडाखाली पीओपीचं सपाट छत, भिंतींना जाड कापड.

मास्तरांनी डोळे मिटून 'सा' लावला. मला फक्त त्यांचे ओठ दिसले. तरी मी ओरडले, "आला, मास्तर, आला!"

माझा आवाजही तिथवर गेला नाही. ते कानामागं हात धरून वाट बघत बसले.

धावत पुढं गेले, तर म्हणाले, "गळा गेला गं माझा."

"मास्तर, छत बदललंय हो!"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "वास्तूला कशाला बोल लावतीस? ती कधी खोटं बोलली न्हाई."

तुमच्यापैकी कुणी दुरुस्तीआधी त्या शेवटच्या रांगेत बसून मास्तरांचा 'सा' ऐकलाय का? ऐकला असेल तर खाली फक्त 'आला' एवढंच लिहा. उद्या गंगाखेडला जाऊन त्यांना वाचून दाखवते.