पियानोच्या वरच्या पट्ट्या

आमच्या घरात कानाचा मान बाबांकडे होता. पंखा कुरकुरला, स्कूटरचा आवाज बदलला की आधी बाबांना बोलवायचं, मग मिस्त्रीला. भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या आमच्या गल्लीतले लोक बिघडलेला मिक्सर काखेत मारून यायचे. बाबा तो चालू करायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर अपील नसे.

त्यांची नोकरीच कानाची होती. औद्योगिक भागातल्या एका खासगी कारखान्यात क्रेनचे गिअरबॉक्स दुरुस्तीला यायचे. दुरुस्त झालेला गिअरबॉक्स स्टँडवर फिरवायचे आणि बाबा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे. त्यांनी मान डोलावल्याशिवाय माल बाहेर जात नसे. बेअरिंग बिघडायला लागलं की आधी बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, खडखड फार नंतर येते, असं ते आम्हाला सांगत. त्या क्रेनखाली माणसं काम करतात, हे वाक्य त्याला जोडलेलं असायचंच. कारखान्यानं सगळ्यांना कानात घालायचे बोळे दिले होते. ते शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, खिळ्याला लटकत असत. बाबांचं म्हणणं, कान बंद करून कानाचं काम कसं करायचं? आणि ज्यांच्याकडून सगळे काम शिकले तेच बोळे घालत नाहीत म्हटल्यावर बाकीचे कशाला घालतील?

नव्वदचं दशक संपत आलं होतं, आमचं राज्य अजून वेगळं झालेलं नव्हतं. मी कॉलेजात होते, कॉम्प्युटर शिकत होते, आणि त्या निमित्तानं घरात एक सुटे भाग जोडून घेतलेला कॉम्प्युटर आला होता. लहानपणी मी पेटी शिकले होते. नागपूरला मामाकडे गेले असताना सीताबर्डीवरून मी एक कीबोर्ड आणला, त्या दुकानातला सगळ्यात स्वस्त. त्याच्या एका बटणावर पियानो असं लिहिलं होतं. ते दाबून पहिली पट्टी वाजवली आणि बाबा खो-खो हसले. स्टीलच्या वाटीवर चमचा आपटावा तसा आवाज. मला इतका राग आला की दोन दिवस मी तो डब्यातून काढलाच नाही.

बाबांना हसायचा हक्क होता, कारण त्यांनी खरा पियानो ऐकला होता. तरुणपणी, भिलाईत रशियन इंजिनिअर राहत होते तेव्हा, ते त्यांच्या क्लबात पंखा दुरुस्त करायला गेले होते. खाली एक रशियन बाई पियानो वाजवत बसल्या होत्या. पंखा केव्हाच दुरुस्त झाला, तरी बाबा शिडीवरून उतरले नाहीत. वरचे सूर कसे, तर काचेचे मणी फरशीवर सांडावेत तसे, हे वर्णन आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की आई ते त्यांच्या आधी म्हणून टाकायची.

तर मी इरेला पेटले. कीबोर्डच्या मागे एक गोल भोक होतं, त्यातून वायर काढून कॉम्प्युटरला जॉयस्टिक लावतात त्या जागी जोडता येते, असं एका मासिकात वाचलं. मग कीबोर्डनं फक्त एवढंच सांगायचं, कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात. आवाज द्यायचा कॉम्प्युटरनं, आणि तो खऱ्याखुऱ्या पियानोची एकेक पट्टी वाजवून भरून ठेवलेला. मासिकासोबत सीडी आली होती, तीत तो पियानो होता. वायर मिळवायला दिवाळी उलटली. सुरुवातीला पट्टी आत्ता दाबली तर सूर जरा वेळानं यायचा, बोलावल्यावर सावकाश येणाऱ्या पाहुण्यासारखा. कॉम्प्युटरमधले त्या उशिराचे आकडे कमीजास्त करत बसले आणि एका रविवारी सकाळी, बाबांच्या टेप डेकच्या स्पीकरमधून, मी पट्टी दाबली त्याच क्षणी सूर वाजला.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हात तोच, प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्याच, आणि खोलीत कुणीतरी भलंमोठं लाकडी वाद्य आणून ठेवलं होतं. हळू दाबलं तर मऊ, जोरात दाबलं तर खणखणीत. आई पोळी तव्यावर टाकून धावत आली आणि रेडिओ कुणी लावला म्हणून विचारू लागली. रेडिओ नाही, मी आहे, हे तिला पटेना. मला हसूही येत होतं आणि रडूही.

बाबा आले, पलंगावर बसले, डोळे मिटले. खालच्या पट्ट्या वाजवल्या, मधल्या वाजवल्या. बाबा हळूच म्हणाले, हेच. मग मी वर सरकले. स्वस्त कीबोर्डला पट्ट्या कमी असतात, म्हणून कॉम्प्युटरमध्ये एक सप्तक वर ढकललं, म्हणजे खऱ्या पियानोच्या अगदी शेवटच्या पट्टीपर्यंत जाता येईल. बाबांच्या कपाळावर आठी आली. इथून वर बिघडलं आहे, ते म्हणाले. नुसती ठकठक आहे, लाकडावर लाकूड आपटल्याची. सूर नाही.

मला सूर ऐकू येत होता. पण निकाल बाबांचा होता. आमच्या घरात स्वतःच्या कानापेक्षा बाबांच्या कानावर विश्वास ठेवायची रीतच होती, आणि मी ती पाळली. सेक्टर सहाच्या बाजारात एक दुकानदार सीड्या भाड्यानं द्यायचा, त्याच्याकडून दुसरा पियानो आणला, मग तिसरा. वायर बदलली. डेकची वरचे, बारीक सूर वाढवणारी घुंडी पुरती फिरवली. प्रत्येक वेळी खालचं आणि मधलं पास, वरचं नापास. शेवटी मला वाटायला लागलं की दोष माझ्यातच आहे, जो नाही तो सूर मला ऐकू येतो. मी आईकडून कानात कोमट तेल घालून घेतलं. आई म्हणाली, बापलेकीचं डोकं फिरलं आहे.

मग तो दिवस आला. घुंडी शेवटाला, बाबा पलंगावर, आई स्वयंपाकघरात. मी अगदी वरची पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होते. बाबांनी मान हलवली.

"नुसती ठकठक होऊन राहिली, पोरी. सूर कुठाय?"

आणि त्याच क्षणी आई पिठाचे हात कानांवर दाबून दारात आली.

"बंद कर वो ते. कानात सुई टोचून राहिली माह्या."

माझं बोट पट्टीवरच थिजलं. मी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनीही आईचे ते हात पाहिले होते. मग बाबांनी मला खुणेनं सांगितलं, पुन्हा वाजव, खालून वर. मी एकेक पट्टी चढत गेले. एका जागी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, इथं संपलं. तिथून वर मला आणि आईला कितीतरी सूर लख्ख ऐकू येत होते. सगळा कारखाना ज्यांच्या कानावर चालतो ते आमचे बाबा, आणि बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता. बारीक शिट्टीसारखा आवाज. मला ओरडावंसं वाटलं.

आईला सावरायला वेळ लागला नाही, आणि त्याचाही मला धक्काच बसला. ती पदरानं हात पुसत म्हणाली, "आता रिटायर व्हायले आले तुमी. कोणाले सांगता कावून?"

"मागच्या वर्षभरात काय काय पास केलं, ते आठवून राहिलो," बाबा म्हणाले.

आई आत जाऊन पोळ्या लाटू लागली. त्या दिवशी बाबा धड जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शॉपच्या इनचार्ज साहेबांना सांगितलं. आम्ही जीव मुठीत धरून वाट बघत होतो, आणि संध्याकाळी बाबा आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. काय झालं विचारलं तर म्हणाले, साहेब हसले. सगळं शॉप हसलं. दादा, तुम्ही बहिरे तर आम्ही मेलेलेच, असं म्हणून कुणीतरी चहा मागवला, आणि त्यानंतर आलेला गिअरबॉक्स नेहमीसारखा बाबांसमोरच ठेवला. बाबांनी हात लावला नाही, तर लोकांना वाटलं म्हाताऱ्याला मान हवा आहे. आयुष्यभराची इज्जत अशी आडवी आली. मी इतकी चिडले की आत्ताच्या आत्ता कारखान्यात जाते म्हणाले. बाबांनी हात धरून बसवलं. रविवारी साहेबांना घरीच आणतो, ते म्हणाले, कानानं ऐकतील तेव्हाच मानतील.

साहेब आले ते समोशांची पुडी घेऊन, हसत हसत. बाबांहून बरेच लहान, याच शॉपमध्ये बाबांच्या हाताखाली शिकून वर चढलेले. बोलणं नेहमीसारखं गल्लीला ऐकू जाईल असं. शॉपची सगळीच माणसं तशी बोलायची, आम्हाला ती त्यांची सवय वाटायची. बाबांनी त्यांना स्पीकरसमोर खुर्ची दिली आणि स्वतः पाठ करून उभे राहिले. सूर ऐकू येईल तोवर मी हात वर ठेवीन, ते म्हणाले, तुम्ही बघा मी कुठं चुकतो ते. साहेब हसून बरं म्हणाले. आई दाराशी उभी होती.

मी खालून सुरुवात केली. खालचे सूर गेले, मधले गेले. मग ती जागा आली आणि बाबांचा हात खाली आला. साहेबांनी आता दचकावं, म्हणावं की अरे, हे तर वाजतंय, म्हणून मी थांबले नाही, वर चढत राहिले. आईनं कानांवर हात ठेवले. साहेब पुढे झुकले, मान तिरकी केली, स्पीकरकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे.

"बेटी, ये तो सिर्फ ठक-ठक कर रहा है," ते म्हणाले. "सुर कहाँ है?"

माझे हात उचललेच गेले. साहेबांना अजून कळलं नव्हतं, ते समजुतीनं हसत होते, मशीनमध्ये काहीतरी बिघाड असेल असं. बाबा वळले. साहेबांचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता. ते खुर्चीजवळ गेले. साहेबांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, आणि जो सूर त्यांना स्वतःलाही ऐकू आला नव्हता त्याबद्दल म्हणाले,

"सुर है, साहब."