ताईचे खालीवर केस

आमच्या पार्लरमध्ये नवी बाई आली की आधी खुर्चीत बसत नाही, आधी ताईच्या डोक्याकडे बघते. उजवीकडचे केस कानाच्या खाली, डावीकडचे कानाच्या वर, आणि मानेवरची एक बट उंदरानं कुरतडल्यासारखी. मग ती पर्स छातीशी धरून विचारते, "केस तुम्हीच कापणार ना?"

"मीच," ताई म्हणते. "हे माझे पोरींनी कापलेत. मी कापलेले बघायचे असतील तर त्या बाहेर पडतायत ना, त्यांचे बघा."

बाई बघते, आणि बसते. एवढ्या वर्षांत उठून गेलेली एकही मला आठवत नाही.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. पार्लर दोघींचं. शिकायला येणाऱ्या पोरी तिला ताई म्हणतात आणि मला, तिच्याहून लहान असून, मावशी. हा अन्याय मी पहिल्यापासून सहन करत आले आहे.

या पोरी म्हणजे मागच्या गल्लीतल्या शाळेतून गळालेल्या, नाहीतर गळायच्या बेतात असलेल्या. शाळेच्या समुपदेशक बाई एकेकीला हाताला धरून आणून सोडतात. कुणी वर्गात मारामारी केलेली असते, कुणी शाळेच्या नावाखाली महिनाभर बागेत बसलेली. ताई त्यांना उपदेश करत नाही. आधी नुसते केस धुवायला शिकवते. आणि आठवड्यातून एकदा, दुकान आवरताना, पोरीलाच बेसिनशी बसवून तिचे केस स्वतः धुते. मान मागे, डोळे मिटलेले, कोमट पाणी चालू. समोर कुणाचं तोंड दिसत नसलं की पोरी बोलायला लागतात. काय बोलतात ते मला आजवर कळलेलं नाही. मी कान दिला नाही असं नाही, पण नळाचा आवाज फार होतो.

आणि पोरीची पहिली कात्री चालते ती ताईच्या डोक्यावर. "गिऱ्हाइकाचं डोकं काय प्रयोगाला आहे?" असं तिचं म्हणणं.

लवंगी आली तेव्हा मला वाटलं, ही काही टिकत नाही. हे नाव मीच ठेवलेलं, कारण अंगानं एवढीशी आणि तोंड असं की ठसका लागावा. वर चूक म्हणून कबूल करायची नाही. शाम्पूची बाटली सांडली तर म्हणाली, "मी नाही, मांजरानं सांडली." आमच्याकडे मांजर नाही. फणी मोडली तेव्हा तर माझ्यावरच ओरडली, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. तिची आई धुलाई केंद्रात कामाला, घरात दुसरं कुणी नाही. ती एकदा येऊन ताईला सांगून गेली, "हेही जमलं नाही तर मामाकडे पाठवते तिला, त्याची पोरं सांभाळायला. एकदा गेली की अडकलीच, हे कळतंय मला. पण ती दिवसभर रस्त्यावर, मी कामावर. मी तरी काय करू?"

लवंगीच्या पहिल्या कात्रीच्या वेळी ताईचे केस खांद्याखाली वाढलेले होते. उजवी बाजू जरा जास्त गेली. लवंगी बोलली नाही. डावी तिच्या बरोबरीला आणायला गेली तर ती आणखी वर गेली. मग पुन्हा उजवी. मी बेसिनपाशी टॉवेल पिळत उभी. मान उघडी पडली, कान दिसायला लागले. ताई आरशात बघत होती. शेवटी म्हणाली, "अगं, कानाच्या वर माझ्याकडे फारसं काही नाही. कुठवर जायचं ठरवलंयस?"

लवंगीनं कात्री खाली ठेवली. "पहिल्यांदाच चुकलं होतं."

"मग तेव्हाच बोलायचं. चुकलं की हात थांबवायचा आणि तोंडानं सांगायचं. कात्रीनं लपवत बसलं की शेवटी टक्कल."

पोर हुंदके देऊन रडायला लागली. ताईनं मानेवरचे केस झटकले आणि तशाच डोक्यानं पुढचं गिऱ्हाईक घेतलं. मी मात्र संतापले होते. म्हटलं, "या पोरींना तू अगदी डोक्यावर बसवून ठेवलंयस."

"मग कुठे बसवू?" ताई म्हणाली.

पुढे केशकर्तनाच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा आली; ती बाहेर शिकलेल्या पोरींनाही देता येते. पास झाली की मोठ्या पार्लरमध्ये काम मिळतं. नापास झाली की मामा होताच. परीक्षेला जिचे केस कापायचे ती बाई आपणच आणायची, आणि तिचे केस खांद्याखाली हवेत. ताईचे लवंगीनंच संपवलेले. आईला रजा मिळेना. मैत्रिणींनी ताईचं डोकं बघितलेलं, त्या फिरकेनात. राहिले मी. माझे केस कमरेपर्यंत, आणि टोकं सोडून ताईलाही मी कधी हात लावू दिला नव्हता. माझ्या केसाला धक्का लागलेला मला खपत नाही, हे गल्लीभर माहीत आहे.

लवंगीनं मला विचारलंसुद्धा नाही. टॉवेलांच्या घड्या घालत म्हणाली, "राहू दे. मामाकडेपण असेल चांगलं." आणि घातलेली घडी मोडून तोच टॉवेल पुन्हा घडी करायला घेतला.

"खांद्यापर्यंत," मी म्हणाले. "एक बोट वर गेलीस तर बघ." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परीक्षेच्या हॉलमध्ये खुर्च्यांची रांग होती, आणि मधून परीक्षक मॅडम फिरत होत्या. बरोबर आलेले लोक, त्यांत ताईही, काचेपलीकडे उभे. लवंगीनं पहिली बट धरली आणि मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं कात्रीचा आवाज थांबला, तो सुरू होईना. डोळे उघडले तर डावीकडचे केस उजवीकडच्यापेक्षा दोन बोटं वर. झालं, आता उजवी, मग डावी, मग कान!

लवंगीनं हात वर केला. "मॅडम, माझं चुकलं." अख्खी रांग वळून बघायला लागली. ती माझ्याकडे वळली. "मावशी, डावीकडे जास्त गेले. उजवीकडचे तेवढे करता येतील, पण माझा हात कापतोय, आणखी वर जातील. नाहीतर भांग डावीकडे घेते आणि तिरपा कट देते. केस तुमचे आहेत. तुम्ही सांगा."

माझ्या ओठांवर एक झणझणीत वाक्य तयार होतं. पण आरशात काचेपलीकडची ताई दिसली. तिला ऐकू काही येत नव्हतं. तिला फक्त थांबलेला हात आणि हलणारं तोंड दिसत होतं, आणि तेवढ्यावर ती शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगत होती, ओठांवरून मला स्पष्ट कळलं, "आमची आहे ती! आमची!" माझे डोळे भरून आले. एवढा अभिमान मला माझ्या केसांचाही कधी वाटला नव्हता.

"घे भांग डावीकडे," मी म्हणाले.

कट झाल्यावर परीक्षक मॅडमनी माझं डोकं इकडून तिकडून बघितलं. "मार्क जातील."

"हो," लवंगी म्हणाली.

"इथे सगळेच चुकतात, पण गुपचूप कापत सुटतात. तुला कुणी शिकवलं?"

लवंगीनं काचेकडे बोट केलं. मॅडम ताईच्या डोक्याकडे बघतच राहिल्या. "यांनी?"

"हो," लवंगी ताठ मानेनं म्हणाली. "त्यांचे ते केसपण मीच बिघडवलेत."

काठावर पास झाली, पण झाली. मामाकडे निरोप गेला, की पोरांसाठी दुसरं कुणीतरी बघ.

काल जिन्यात शेजारीण भेटली. "अगंबाई! एवढे लांब केस, कुणी कापले?"

"आमच्या लवंगीनं."

"डावीकडे जरा कमी वाटतायत गं."

"वाटत नाहीत, आहेतच," मी म्हणाले, आणि मान वळवून तिला नीट दाखवले.