'मिस्ड' या शब्दाचा मी केलेला अर्थ

ही गोष्ट लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बहिणीने एकदा याबद्दल विचारलं तेव्हा तिच्यावरच चिडलो. बायको जिवंत आहे तोवर लिहिता येणार नाही, असं स्वतःला सांगत होतो. ती गेली, आता ते कारणही उरलं नाही.

पेणच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. आळीत कुणाकडे विम्याचं पत्र आलं, औषधाच्या बाटलीवरचं काही कळलं नाही, की माणसं माझ्याकडे यायची. 'मला माहीत नाही' असं कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

सून रोह्याची. लग्नानंतर इथल्या एका पतसंस्थेत तिला नोकरी लागली आणि लगेचच दिवस राहिले. स्वयंपाकघरात एकदा ती मुलाला म्हणाली, "थोडं उशिरा झालं असतं तरी चाललं असतं." बायकोने ते ऐकून मला सांगितलं आणि आम्ही दोघंही हसलो. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी होती. मुलाची पहिली शिफ्ट, म्हणून आम्ही दोघं तिच्याबरोबर गेलो. ती आत असतानाच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मिस्ड अबॉर्शन आहे. मुलाला बोलावून घ्या, पिशवी साफ करावी लागेल," एवढं म्हणून दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

"काय म्हणाल्या वो?" बायकोने विचारलं.

मिस होणे म्हणजे हुकणे. गाडी मिस होते, कॅच मिस होतो. अबॉर्शन म्हणजे करून घेतात ते. कित्येक मुलांना मी असे शब्द जोडून वाक्याचा अर्थ लावायला शिकवलं होतं. मी म्हणालो, "पाडायचा प्रयत्न झालाय. तो हुकलाय."

"कुणी केला?"

"मला काय ठाऊक?"

मी एवढंच बोललो. पुढे मुलाने सांगितलं की बाळाची वाढ थांबली होती. बायको म्हणाली, "थांबणारच."

सुनेला घरी आणल्यावर बायको तिच्यासाठी पेज घेऊन गेली. मी दाराशी होतो. तिने हलक्या आवाजात विचारलं, "गोळ्या खाल्ल्यास का गो?"

"खाल्ल्या की, आई. रोज खात होते. एकसुद्धा चुकवली नाही."

बायकोने वाटी तिथेच ठेवली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "कबूल झाली."

सून गरोदरपणात बाळाच्या वाढीसाठी देतात त्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दल बोलत होती. पट्टी तिच्या उशाशी पडलेली होती. त्या पट्टीवरचं इंग्रजी वाचावं असं मला सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी बायकोने रोह्याला विहीणबाईंना फोन लावला. "तुमच्या लेकीला पोर नको होतं तर तसं आधी सांगायचं. आम्ही काय जबरदस्ती केली नसती." दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या, चहालाही न थांबता मुलीला घेऊन गेल्या. मुलगा काही महिने पेण-रोहा करत राहिला, मग त्याने रोह्यातच भाड्याने खोल्या घेतल्या. कंपनी तिथून जवळ पडते, असं तो म्हणाला. आळीत आम्हीही तेच सांगितलं.

दवाखान्यातले असले शब्द मी पुढे बऱ्याच वर्षांनी शोधून शोधून वाचले. अजून चीड येते. गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडलं तर म्हणे इनकॉम्पिटंट, म्हणजे नालायक. पस्तिशीची पहिलटकरीण असेल तर एल्डर्ली, म्हणजे म्हातारी. कळा येऊनही बाळ पुढे सरकत नसेल तर फेल्युअर टू प्रोग्रेस; असले शेरे मी नापास मुलांच्या प्रगतिपुस्तकात लिहायचो. बाईच्या अंगाबद्दल असं बोलायला कुणी शिकवलं यांना? पण हे सगळं मी बोलतो तेव्हा मला बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं काही खरं नाही. डॉक्टरीणबाईंना तिथल्या तिथे अर्थ विचारता आला असता. दोन पावलांवर तर उभ्या होत्या.

सुनेला पुन्हा दिवस राहिले. बाळंतपण रोह्याला झालं. आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक कुटुंब उभं होतं, आणि तिथले डॉक्टर त्यांना सावकाश समजावत होते, "याला मिस्ड अबॉर्शन म्हणतात. बाळाचे ठोके आपोआप थांबतात, पण शरीराला ते कळत नाही. रक्तस्राव नाही, काही नाही. आईने काहीही केलेलं नसतं, हे घरी सगळ्यांना सांगा."

बायकोला तोवर कमी ऐकू यायला लागलं होतं. तिने कोपराने ढोसलं. "काय म्हणतायत वो?"

"काय नाय. त्यांचं दुसरंच काहीतरी आहे."

पहिल्यांदा अर्थ चुकला होता. या वेळी मला अर्थ नीट कळला होता.

मुलगी झाली. बायको नातीला मांडीवर घेऊन माझ्या कानाशी म्हणाली, "ही मात्र ठेवलीन हो तिने." मी बाळाच्या टोपीची नाडी बांधत राहिलो. बायको गेली ती तेच खरं मानून.

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. लहान मुलांचे डॉक्टर बघून म्हणाले, "फिजिऑलॉजिकल जॉन्डिस आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांना विचारलं, "फिजिऑलॉजिकल म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे आजार नव्हे. बऱ्याच बाळांना होतं, बहुतेक आपोआप उतरतं. आम्ही लक्ष ठेवू."

खाटेवरून सून म्हणाली, "बाबा, आज विचारलंत."

तिच्या आवाजात राग नव्हता. पहिला अर्थ कुणी सांगितला होता, हे तिला माहीत होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी डॉक्टरांच्या मागोमाग बाहेर गेलो, जसं काही अजून विचारायचंच होतं.

आता मी अधूनमधून पोह्याचे पापड घेऊन पॅसेंजरने रोह्याला जातो. गाडीत वाक्य जुळवतो. वाक्य मोठं नाही. 'तू काही केलं नव्हतंस. मला तो शब्द येत नव्हता, आणि कळल्यावरही मी तुझ्या सासूला सांगितलं नाही. माझं चुकलं.' नागोठण्यापर्यंत ते पाठ असतं. सून दार उघडते, हातातली पिशवी घेते, म्हणते, "या बाबा. चहा टाकू ना?"

मी म्हणतो, "टाक. साखर कमी."