गेरूच्या खुणा

आमच्या यांना पडलेल्या भिंती बघायचा नाद होता. कुठे जुनं बांधकाम ढासळल्याचं कानावर आलं की भरलं ताट सारून निघायचे. दगड कसे बसवले होते ते उलटेपालटे करून बघायचे, चुन्याचा खडा जिभेलाही लावायचे. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती आणि नागपुरात जो तो सिमेंट मागत होता. आमच्या अंगणात मात्र चुना भिजत पडलेला, आणि त्यात घालायला बेलफळांचा गर काढून काढून माझे हात कायम चिकट. मी विणकराची मुलगी. हातमागाच्या खळीतून सुटले आणि चुन्यात पडले, असं मी यांना ऐकवायची. पण यांच्या गवंडीकामाबद्दल मला कधी शंका आली नाही.

त्या साली वस्तीतल्या पायविहिरीची एक भिंत खचली. पंचांना सिमेंट हवं होतं. हे म्हणाले, ही एक भिंत जुन्या रीतीनं बांधू द्या. पटली तर उरलेल्या तिन्ही द्या, नाही पटली तर मीही उद्यापासून सिमेंट कालवीन. एवढं बोलून आले. दहा वर्षं भिंती उलगडून जे शिकले ते सगळं यांनी पणाला लावलं होतं.

पहिल्या थराचे चौदा दगड घडून अंगणात आले. सकाळी पंचांसमोर ते बसवायचे होते. हे आदल्या दिवशी चुना मळायच्या घाणीवर गेले, आणि मी अंगण सारवायला घेतलं. पंच बघणार आणि दगड असे धुळीचे? काथ्यानं घासून चौदाही लख्ख केले. प्रत्येकावर गेरूचा एक पट्टा होता. खाणीत दगडाची पूजा करतात, तिचा असेल म्हणून तोही घासला.

हे दुपारी परतले आणि दारातच थांबले.

"काहून धुतले वं?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. मग खाली बसून त्यांनी सांगितलं. कामठीकडचा हा दगड थराथरांचा. खाणीत जसा आडवा पडलेला असतो, तसाच भिंतीत बसवायचा. उभा बसला तर काही पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. घडल्यावर सगळी अंगं सारखी दिसतात, म्हणून वरच्या अंगाला गेरू. हातोडीनं ठोकून, कान लावून यांनी नऊ दगड ओळखले. पाच राहिले. नवे घडायला पंधरवडा लागला असता, आणि पंच तेवढे थांबणारे नव्हते.

मी म्हटलं, अंदाजानं बसवा, कोणाला कळतंय?

"मले कळन ना."

मला माझाच असा संताप आला की मी तिथून हलले नाही. त्या पाच दगडांकडे बघत बसले. ते अजून ओले होते. उन्हात वाळता वाळता एकाच्या अंगावर बारीक ओल्या रेघा राहिल्या, एकाखाली एक, आणि शेजारचं अंग नुसतं डागाडागांनी वाळलं. लहानपणी उजेडात लुगडं धरून तुटका धागा शोधायचं काम माझंच असे. त्या रेघा मला दिसल्या. मी यांना हाक मारली. यांना आधी काही दिसेना. घागरभर पाणी पुन्हा ओतलं आणि दोघं वाट बघत बसलो. पाचही दगडांवर रेघा उमटल्या. रेघा आडव्या राहतील असा एक दगड ठेवून यांनी छिन्नीनं कडेचा टवका काढला. तो रेघेवरच सुटला, म्हणजे रेघा थरांच्याच होत्या.

मग हे घरात जाऊन गेरूची वाटी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली.

"तूच ओढ वं आता."

सकाळी थर बसला. या खुणा कोणी केल्या, असं एका पंचानं विचारलं. "घरचीनं," हे म्हणाले, आणि ओळंबा लावू लागले. भिंत उभी राहिल्यावर पंचांनी उरलेल्या तिन्ही भिंती आम्हाला दिल्या. त्या भिंतींच्या एकाही दगडाला, मी पाणी ओतून बघितल्याशिवाय, यांनी चुना लावला नाही.