रायपूरला न शिजलेले वाल

नागपूरहून रायपूरला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि दीड किलो वाल होते. हमालाला मी सांगितलं, आत हृदयाचं औषध आहे, जपून ने. त्यानं पिशवी डोक्यावर न घेता तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली. थाप होती, पण अगदीच थाप नव्हती.

मी लग्नकार्यातला आचारी. माझ्या वालाच्या उसळीच्या वासानं वर्ध्याहून सुटलेली गाडी मागं येऊन पुन्हा फलाटाला लागली होती, असं मी सांगतो आणि ऐकणारे त्यातलं निम्मं वजा करून घेतात. ही रीत माझ्या बायकोनं, सुशीनं, घालून दिली. अपवाद एकच, तिचा थोरला भाऊ बाळादादा. रेल्वेतून रायपूरला निवृत्त झालेला हा माणूस माझी प्रत्येक थाप पूर्णच्या पूर्ण ऐकायचा आणि शेवटी गंभीरपणे विचारायचा, "मंग? गाडी किती वेळ थांबली?"

सुशीला जाऊन सात वर्षं झाली. दादाची मुलगी नंदा नव्या रायपूरला नोकरी करते, दादा तिच्याकडेच असतो. तिचा फोन आला. "फुफाजी (आतोबा), तुम्ही या ना. बाबा जेवूनच नाही राहिले. डॉक्टर बोलले, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करायचं तर अंगात ताकद पाहिजे. वजन असंच उतरत गेलं तर ते तारीखच देणार नाहीत."

"अंडं?"

"माळकरी आहेत ना ते. आणि डाळ दिली तर म्हणतात, दवाईचा वास येते."

दादाला एकच कडधान्य मनापासून आवडायचं, सुशीच्या परसातल्या वेलाचे वाल. तिनं शेवटचे वाळवलेले वाल राख लावून मडक्यात भरून ठेवले होते. सात वर्षांत मी त्या मडक्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला.

गोंदिया मागं पडलं आणि खिडकीबाहेर भातच भात सुरू झाला. गणपती नुकतेच उठले होते, लोंब्या अजून धरायच्या होत्या. बांधाबांधावर तुरीची रांग. इकडे तिला राहेर म्हणतात. शेजारच्या सीटवरच्या बाईंना मी म्हणालो, भात आणि डाळ एकाच शेतात उभी करणारे लोक शहाणे. भातात जे कमी असतं ते डाळ भरून काढते, डाळीत जे कमी ते भात. म्हणून वरण-भात खाणाऱ्याच्या अंगाला लागतं. त्या म्हणाल्या, "आप डॉक्टर हैं?" मी नाही म्हटलं नाही. डोंगरगढ येईपर्यंत त्यांच्या गुडघ्यांचीही विचारपूस झाली.

नव्या रायपूरचे रस्ते इतके रुंद, की एका कडेनं चालायला लागलेला माणूस दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत निवृत्त होईल. बस क्वचित येते. नंदाचं घर चौथ्या मजल्यावर. दार उघडं होतं आणि गॅलरीजवळच्या खुर्चीत दादा बसला होता.

खुर्चीत कमी बसला होता, ठेवलेला जास्त वाटत होता. पूर्वी हा माणूस दारात उभा राहिला की आतला उजेड कमी व्हायचा. आता सदऱ्याच्या गळ्यातून तुळशीची माळ आणि तिच्यामागची हाडं, दोन्ही सारखीच मोजता येत होती. मी थाप शोधली. सापडली नाही.

"काय आणलं जवाईबापू?" दादानं विचारलं.

"सुशीचे वाल."

त्यानं पिशवी जवळ ओढून वरूनच दाणे चाचपले. "मंग खाईन," म्हणाला.

नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाह्या सरसावल्या आणि दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी लिहून दिलेला कागद वाचला: रोज कडधान्य, मीठ कमी, वरून लिंबू. लिंबाचं कारण मी नंदाला समजावलं. कडधान्यातलं लोह अंगात नीट शोषलं जायला आंबट लागतं. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोट फुगत नाही. मोड काढले तर पचायला आणखी हलकं. एवढं सगळं मला येतं. चाळीस वर्षांत माझ्या हातून कच्चा दाणा पंक्तीत गेलेला नाही.

वाल भिजवले, फडक्यात बांधले. दोन दिवस झाले तरी मोड येईनात. "रायपूरची हवा दमट," मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी तसेच कुकरला लावले. पाच शिट्या झाल्या, नऊ झाल्या. बाविसाव्या शिटीला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन विचारून गेले, "भैया, सब ठीक है ना?" झाकण उघडलं तर दाणे होते तसे. दादानं एक तोंडात घातला, चावला, हळूच काढून ताटलीच्या कडेला ठेवला आणि ताटली सरकवली.

"भूक नाही," म्हणाला.

त्या दिवशी त्यानं दुसरंही काही खाल्लं नाही. पुढच्या सोमवारी दवाखान्यात वजन करायचं होतं. आज बुधवार होता.

"पाणी जड आहे तुमचं," मी नंदाला म्हणालो.

"फुफाजी, फिल्टरचं आहे."

"मग जास्त हलकं आहे. डाळीला थोडं वजन लागतं."

"सोडा टाकू?"

"मीठ कमी सांगितलं तिथं सोडा कसा चालेल? कुकरची रिंग गेली असेल."

रिंग आणायला मी बसनं शहरात गेलो, तात्यापाऱ्यात. (पारा म्हणजे आळी.) जुनी घरं, खाली दुकानं. भांड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठनं माझं हिंदी चार वाक्यं सहन केलं आणि मग म्हणाला, "मराठीत बोला ना, काहून त्रास करून राहिले? आमचे आजोबा भंडाऱ्याचे."

मी सगळी कहाणी सांगितली, म्हणजे माझी बाजू. तो म्हणाला, "रिंग घ्या, पण पाण्याचं म्हणत असाल तर अभनपूरच्या पुढं एक विहीर हाय. आमची आई तिथून डाळीसाठी पाणी आणवत जाय. त्या पाण्यात दगड टाका, तोही शिजते."

हा माणूस माझ्याच जातकुळीचा थापाड्या आहे, हे मला कळलं. तरी गेलो. कारण दोष पाण्याचा नसेल, तर माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका हातात रिकामा कॅन आणि दुसऱ्यात उरलेल्या भिजवलेल्या वालांचं फडकं घेऊन निघालो. पाणी तिथल्या तिथं तपासायचं होतं. अभनपूरच्या बाजारात उतरून सामायिक ऑटोनं गावात पोचलो. वाटेत ऑटो उलटायचा वाचला. त्या खड्ड्यात हत्ती आंघोळ करू शकेल, असं मी परत आल्यावर सांगितलं, पण आत म्हैस नक्की होती. विहिरीशेजारच्या घराच्या कुंपणावर वालाचा वेल चढला होता, जांभळ्या फुलांचा. खाली ऐंशीच्या घरातली एक आजी सूप घेऊन बसली होती.

"दीदी, पानी ले लूँ?"

"हव (हो). काकर बर (कोणासाठी)?"

सवयीनं तोंड उघडलं. पाचशे पानांची पंगत आहे म्हणालो, राजधानीतली मोठी माणसं जेवायला येणार. आजीनं पापणीही हलवली नाही. फडक्याकडे बोट केलं. "देखा (दाखव)."

मी गाठ सोडली. तिनं एक दाणा उचलून नखानं दाबला, कानाशी नेऊन दुसऱ्यावर आपटला.

"पानी के दोस नइ हे. बीजा जुन्ना हे (बी जुनं आहे). कतका साल के?"

चाळीस वर्षांचा आचारी मी. तांदूळ जुना चांगला आणि वाल जुना झाला की दगड होतो, हे मी किती पोरांना शिकवलं असेल. मडक्याला हात लावतानाही मला ते ठाऊक होतं. पण सुशीच्या हातचे वाल शिजणार नाहीत, हे मला मान्य करायचं नव्हतं.

"सात साल," मी म्हणालो. "मेरी पत्नी ने रखे थे. अब वो नहीं है. ये उसके भाई के लिए हैं. वो खाता नहीं. मुझे डर लगता है, दीदी."

पंगत बिंगत सगळी गेली. एवढं मी नंदाला बोललो नव्हतो, स्वतःलाही नाही.

आजी ओल्या वालांतून बोटं फिरवत राहिली, एकेक दाणा बाजूला सारत. शेवटी तिच्या तळव्यावर दोन दाणे उरले. त्यांना तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोंब आले होते. मला ते दिसलेच नव्हते.

"ए दू ठन जीयत हे (हे दोन जिवंत आहेत). येला झन रांध. बो दे."

रांधू नकोस, पेर. मग ती आत गेली आणि गेल्या हिवाळ्यातले आपल्या वेलाचे वाल, इकडची सेमी, पदरातून आणून माझ्या रुमालात ओतले. पैसे काढले तर म्हणाली, "भाई ला खवा (खाऊ घाल), जा." तिनंच कॅन भरायला लावला. पाण्याचा दोष नसला तरी आलेल्या माणसाला रिकामं पाठवायचं नाही म्हणून.

गुरुवारी रात्रीच वाल भिजत घातले, शुक्रवारी फडक्यात बांधले. शनिवारी सकाळपर्यंत सगळ्यांना मोड आले. सोलले, जिरं-हिंगाची फोडणी, किंचित गूळ, वरून लिंबू. चार शिट्यांत लोण्यासारखे. विहिरीच्या पाण्याचं मी नाव घेतलं नाही.

दादानं घास घेतला. थांबला. "हे सुशीचे नाहीत."

नंदानं माझ्याकडे पाहिलं. थाप जिभेच्या टोकावर होती, चांगली होती, चालूनही गेली असती.

"नाहीत," मी म्हणालो. "सुशीचे शिजले नाहीत, दादा. जुने झाले. दोनच जगले." आणि मातीनं भरलेली कुंडी त्याच्या खुर्चीजवळ सरकवली. "हे तुम्ही लावा."

दादानं ते दोन दाणे तळव्यावर घेतले.  बोटानं दोन खळगे केले, दाणे ठेवले, माती लोटली. त्याला एवढ्यानंही दम लागला.

"शेंगा कधी धरन?"

"दीड महिन्यात," मी सवयीनं म्हणालो.

"जवाईबापू." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझी थाप अडवली. "खरं सांगा."

"चार महिने."

दादा कुंडीकडे पाहत राहिला. मनात महिने मोजत असावा: ऑपरेशन, टाके, हिवाळा. मग त्यानं ताटली पुढं ओढली.

"मंग खावं लागन," म्हणाला, आणि वाटीभर वाल-भात खाल्ला. सावकाश, कामावर हजर झाल्यासारखा. रविवारीही खाल्ला.

सोमवारी वजन किंचितच वाढलं होतं. पण उतरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या, पंधरा दिवसांनी तारखेचं बघू. तारीख दिली नाही. नाहीही म्हणाले नाहीत.

मंगळवारी परतीची गाडी धरली. भिलाईची धुराडी मागं गेली, आणि मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. ती आता हलकी होती. उरलेले सुशीचे वाल मी त्याच कुंडीच्या कडेच्या मातीत मिसळून दिले. शिजले नाहीत तर खत तरी होतील. सात वर्षं मी तिला मडक्यात कोंडून ठेवलं आणि त्याला जपणं म्हणत होतो. ज्या घरी ती लहानाची मोठी झाली, त्या घराच्या माणसाजवळ ती आता मातीत आहे. बरं वाटलं. रडूही आलं. समोरच्या माणसाला सांगितलं, डोळ्यात कोळशाचा कण गेला. गाडी विजेची होती.

राजनांदगावला फोन वाजला. दादा.

"एक वर आला हाय. मान काढून राहिला. दुसऱ्याचं काही खरं नाही वाटत."

"एक पुरे."

"किती उंच जाते हो हा वेल?"

"आमच्या घरचा एकदा वर्धा स्टेशनपर्यंत गेला होता, दादा. त्याच्यामुळंच तर ती गाडी अडली."

पलीकडून एक बारीक, दम लागलेलं हसू.

"मंग? किती वेळ थांबली?"

वाचकहो, या हकिगतीतलं निम्मं तुम्ही खुशाल वजा करा. हत्ती वजा करा, बावीस शिट्या वजा करा. पण चार महिने म्हटलंय ते पूर्ण धरा. त्यातला एक दिवसही कमी करू नका.